कुरुमानचा पाट

घरातल्या सगळ्या खोल्या आम्ही आठवड्यातून एकदा तरी शेणाने सारवतो, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल, असं मेरी मॉफटने आफ्रिकेतून मायदेशी कळवलं होतं. १८२० च्या आसपासची गोष्ट. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज नदीपलीकडच्या ग्रिक्वाटाउन नावाच्या वस्तीत ती मिशनरी नवऱ्याबरोबर, रॉबर्ट मॉफटबरोबर, नुकतीच आली होती. तिथल्या जुन्या मिशनरीणबाई, हेल्मबाई, जमीन सारवताना दिसल्या तेव्हा हा घाणेरडा प्रकार आपण होता होईतो करायचा नाही, असं तिने मनाशी ठरवलं. थोडेच दिवस गेले आणि शनिवार कधी उजाडतो याची ती वाट बघू लागली. कारणंही तिने लिहून ठेवलीत: धूळ दबते, पिसवा मरतात आणि जमिनीला छान हिरवा रंग चढतो. शेण पाण्यात कालवून जितकं पातळ फिरवता येईल तितकं फिरवायचं, हेही सांगायला ती विसरली नाही.

आपल्याकडे हे कुणी कुणाला पत्रातून कळवणार नाही. पण ‘पातळ’ या शब्दावरून बाई खरोखर हातात शेण घेऊन बसली होती हे कळतं. नवशिकी माणसं जाड थर देतात, तो वाळताना तडकतो आणि दोन दिवसांत पोपडे सुटतात. शेण ताजं लागतं, कारण वाळलेलं पुन्हा भिजवलं की चिकटपणा जातो. खालची जमीन आधी चोपून घट्ट केलेली असावी लागते. दक्षिण आफ्रिकेत त्यासाठी वाळवीच्या वारुळाची माती आणत. वाळवीने ती चावून चिकट केलेली असते, म्हणून ओली करून धोपटली की दगडासारखी बसते.

मिशनरी कुटुंबांचा इतिहास लिहिणारे प्रवचनं, बाप्तिस्मे आणि भाषांतरं यांवर पानंच्या पानं खर्च करतात. घर कसं बसलं हे मात्र पत्रांच्या कडेकडेने सापडतं, आणि ती पत्रं बहुतेक बायकांची. मॉफट आणि त्यांचे जावई, पुढे शोधप्रवासी म्हणून गाजलेले डेव्हिड लिव्हिंगस्टन, या दोन कुटुंबांची हकिगत शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट ठळक दिसते. उपदेश दोघांचा सारखाच होता, चिकाटीही कमीजास्त नव्हती. एक घर तिथे जवळजवळ पन्नास वर्षं टिकलं आणि दुसरं पाच वर्षांत उठलं, याचं मोठं कारण पाणी.

रॉबर्ट मॉफट स्कॉटलंडचा, जन्म १७९५ चा, धंद्याने माळी. मेरी स्मिथ ही तो जिथे नोकरीला होता त्या रोपवाटिकेच्या मालकाची मुलगी. तिच्या आईवडिलांनी आधी साफ नकार दिला होता. लंडन मिशनरी सोसायटीने त्याला एकट्यालाच पाठवलं आणि तो १८१७ च्या जानेवारीत केपटाउनला उतरला. घरच्यांचं मन वळल्यावर ती मागाहून गेली आणि २७ डिसेंबर १८१९ रोजी केपटाउनमध्ये त्यांचं लग्न झालं. लग्नानंतरचा प्रवास सुमारे सहाशे मैलांचा, बैलगाडीचा. ही गाडी आपल्या गाडीच्या कित्येक पट लांब, वर कापडाचं छत, पुढे बारा ते सोळा बैल. दिवसाकाठी दहा-पंधरा मैल झाले तर बरं चाललं म्हणायचं. कारू नावाच्या कोरड्या माळावर मोठी अडचण चाकांची असे. हवा इतकी सुकी की चाकाचं लाकूड आकसतं आणि वरची लोखंडी धाव खुळखुळू लागते. ओढा दिसला की चाकं रात्रभर पाण्यात घालायची आणि पाणी नसेल तर धावेखाली पाचरी ठोकायच्या. एवढ्याकडे दुर्लक्ष झालं तर भर माळावर धाव निसटते, आरे मोकळे होतात आणि मग शेकडो मैलांत सुतार नाही.

ते पोचले ते लट्टाकू या गावी, कुरुमान नदीकाठी, बत्लापिंग लोकांच्या मोथिबी या प्रमुखाच्या मुलखात. हे त्स्वाना भाषक लोक. गुरं राखायची पुरुषांनी आणि शेती करायची बायकांनी. मुख्य पीक ज्वारी, ती पावसावर. मिशनऱ्यांना हवा होता गहू आणि भाजीपाला. तिथला पाऊस उन्हाळ्यात पडतो, हिवाळा कोरडा ठणठणीत असतो आणि गहू हिवाळ्यातच घ्यावा लागतो. त्यामुळे पाटाशिवाय गव्हाची लोंबी दिसायची नाही. रॉबर्ट हॅमिल्टन नावाचे कारागीर मिशनरी आधीपासून तिथे होते. नदीतून काही मैल लांबीचा पाट मिशनच्या बागेपर्यंत काढलेला होता. आणि हा पाट जात होता गावातल्या बायकांच्या शेतांमधून.

पाटाच्या टोकाला ज्याचं शेत असतं त्याला पुढचं सांगायला नको. वरच्यांनी पाणी फोडलं. मिशनच्या बागेत हिरवळ फुलते आणि आपली ज्वारी डोळ्यांदेखत करपते, हे त्या बायकांना रोज दिसत होतं. त्यांनी कुदळीने पाटाला तोंडं पाडली. कधी कधी मिशनमध्ये स्वयंपाकापुरतंही पाणी उरेना. मग दुपारी तीनच्या रणरणत्या उन्हात मॉफट आणि हॅमिल्टन आळीपाळीने फावडं घेऊन तीन मैल चालत जायचे आणि फोडलेली तोंडं बुजवत परत यायचे, म्हणजे रात्री भाज्यांना थोडी ओल मिळे. त्यांची पाठ वळली की तोंडं पुन्हा उघडत. एकदा तक्रार केली तेव्हा एका बाईने कुदळ उचलली आणि थेट बांधावर जाऊन तोच फोडला. कुणालाच पाणी नको!

मॉफटने हे सगळं छळ म्हणून नोंदवलंय. वाचताना मला मात्र त्या बाईची बाजू पटते. शेत तिचं, नदी गावाची, आणि काल आलेल्या पाहुण्याने तिच्या बांधावरून पाणी न्यायचं, तेही तिला एक पाळी न देता. पाळीपाळीने पाणी वाटण्याची पद्धत आधी बसवली असती तर निम्मी कटकट वाचली असती. पाट काढताना उताराचा हिशोब झाला आणि वरच्या शेतांचा हक्क राहून गेला. अशी कामं बहुधा इथेच फसतात.

घरातही निवांतपणा नव्हता. कुलूप लावणं किंवा दार बंद ठेवणं त्या गावाच्या रीतीत बसत नव्हतं. माणसं येत, खोलीभर बसत, अंगाला लावलेली चरबी आणि लाल काव भिंतींना, बाकांना, कपड्यांना लागे. चमचे-सुऱ्या जात. हॅमिल्टन एकटे राहायचे. आठ दिवस पुरेल अशी पावरोटी करायला ते अर्धा दिवस जात्यावर दळण दळत बसले. रोटी भाजली, प्रार्थना घ्यायला बाहेर गेले, परत येऊन बघतात तर रोटी नाही. चुलीवर मांस ठेवून गेलेल्यांना पातेल्यात दगड सापडल्याचीही नोंद आहे. पहिल्या वर्षांतली पत्रं वाचून लोक रानटी होते असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. पण न विचारता गावात येऊन बसलेलं, कुणाशी सोयरीक नसलेलं आणि गुरांचा मोठा कळपही नसलेलं हे घर गावाच्या हिशोबात कुठेच बसत नव्हतं. ज्याला देवाणघेवाणीचं नातं नाही त्याच्या वस्तूला राखण कुणाची?

त्यात दुष्काळ आला. पाऊस पाडणारा वैदू लांबून बोलावला गेला. वाजतगाजत आला, उपाय केले, आणि पाऊस येईना तेव्हा बोट मिशनकडे वळलं. गिरजाघराची घंटा ढगांना घाबरवते, हे एक कारण. मॉफटने आणलेली मिठाची गोणी, हे दुसरं. शेवटी गावाने त्यांना निघून जायला सांगितलं. भाला घेऊन आलेल्या माणसासमोर मॉफट उभा राहिला आणि मारायचं तर मारा, आम्ही हलणार नाही म्हणाला. मेरी मूल कडेवर घेऊन दारात उभी होती. लोक परत गेले. मिशनच्या पुस्तकांत हा प्रसंग ठसठशीत अक्षरांत येतो आणि धैर्य होतंच. फक्त एक लक्षात ठेवावं: पाऊस आणि बाहेरून आलेली माणसं यांचा संबंध जोडणारं ते गाव आपल्या परीने कारणच शोधत होतं, आणि प्रार्थनेने पाऊस पडतो असं मिशनरीही सांगतच होते.

१८२४ मध्ये मुक्काम हलला. नदीच्या वरच्या अंगाला, आजच्या कुरुमान शहरात, डोलोमाइटच्या खडकातून एक झरा फुटतो. लोक त्याला कुरुमानचा डोळा म्हणतात. रोज सुमारे दोन कोटी लिटर पाणी, पाऊस पडो न पडो. चुनखडीच्या जातीच्या या खडकात पोकळ्या असतात. दूरवरचा पाऊस वर्षानुवर्षं त्यात मुरतो आणि एका तोंडातून सावकाश बाहेर येतो, म्हणून एकदोन वर्षांच्या अवर्षणाने झरा हबकत नाही. मोथिबीकडून खोऱ्याचा तुकडा मिळाला, मोबदला मण्यांचा. झऱ्याच्या खाली काही मैलांवर मिशन बसलं.

इथे मॉफटमधला माळी कामाला आला. खोरं लव्हाळ्यांनी भरलेलं, दलदलीचं. आधी निचऱ्याचे चर काढून पाणी एका वाटेने वाहतं केलं, मग काठाच्या वरच्या अंगाने पाट नेला. उतार जास्त दिला की पाणी तळ खणत जातं आणि पाट दरवर्षी खोल होऊन शेतापेक्षा खाली बसतो. कमी दिला की गाळ बसतो, लव्हाळं माजतं आणि पाणी काठावरून सांडतं. वाळूच्या जमिनीत तर पहिल्या हंगामात अर्धं पाणी पाटच पितो. गाळ बसून तळ धरेपर्यंत धीर धरावा लागतो. या सगळ्यातून गहू, मका, बटाटे, पीच आणि द्राक्षं उभी राहिली. आजूबाजूच्या लोकांनी बघून आपापले चर काढले, आणि या खेपेला ते कुणी बुजवले नाहीत. पाणी सगळ्यांना पुरत होतं, तेव्हा भांडण आपोआप ओसरलं. उपदेशाचं श्रेय त्यात किती हे ज्याने त्याने ठरवावं.

दगडी घर १८२६ चं, ते अजून उभं आहे. मोठं गिरजाघर १८३८ मध्ये उघडलं. भिंतींचा दगड जवळच मिळाला, अडलं ते आढ्यावर. त्या मुलखातली बाभळीच्या जातीची झाडं लोखंडासारखी कठीण, पण सरळ दहा हात लाकूड मिळायचं नाही. लांब तुळया सुमारे दोनशे मैलांवरून बैलगाड्यांनी ओढून आणल्या. वर गवताचं छप्पर.

भाषेचा प्रश्न मात्र बराच काळ भिजत पडला होता. बागकाम, सुतारकाम, लोहारकाम यात दिवस जायचा आणि उपदेश डचमधून, दुभाष्यामार्फत चालायचा. दुभाष्या काय सांगतोय हे कळायचं नाही, आणि कळलं तेव्हा मॉफटच्या अंगावर काटा आला असणार. १८२७ मध्ये त्याने शहाणपणाचं काम केलं. मिशन सोडून तो दहा आठवडे बारोलोंग लोकांच्या गुरांच्या वस्तीवर जाऊन राहिला. त्यांच्यात जेवायचं, त्यांच्यात झोपायचं, डच बोलणारं कुणी नाही. परत आला तो दुभाष्याशिवाय बोलत. नवी भाषा शिकायला दिवसाचा तास ठरवून चालत नाही. सुटायची वाटच बंद करावी लागते. १८३० मध्ये लूकच्या शुभवर्तमानाचं सेत्स्वाना, म्हणजे त्स्वाना लोकांच्या भाषेतलं, भाषांतर घेऊन तो केपटाउनला गेला. तिथे छापणारे पुरेसे हात नव्हते, म्हणून खिळे जुळवायला स्वतःच शिकला आणि छापखान्याचं यंत्र गाडीत घालून १८३१ मध्ये घरी घेऊन आला. संपूर्ण बायबल व्हायला १८५७ उजाडलं. आफ्रिकेच्या त्या भागातल्या भाषेत छापलेलं ते पहिलं पूर्ण बायबल, आणि ते छापलं गेलं त्याच वस्तीत.

आता स्वयंपाकघर. इथे मेरी मॉफट आणि तिची थोरली मुलगी मेरी, म्हणजे पुढची मिसेस लिव्हिंगस्टन, यांचं राज्य. या दुसऱ्या मेरीचा जन्म १८२१ चा, ग्रिक्वाटाउनचा. सेत्स्वाना ती बोलता येऊ लागल्यापासून बोलत होती. नवऱ्याला जे शिकून घ्यावं लागलं ते तिला अंगणातच मिळालं होतं. १८४५ मध्ये तिचं लग्न झालं.

लोखंडी भट्टी नाही तिथे पाव कसा भाजायचा? वाळवीचं मोठं वारूळ बघायचं, त्याच्या पोटात खोल खड्डा कोरायचा, आत जाळ करायचा. भिंती तापल्या की निखारे ओढून काढायचे, कणकेचा गोळा आत सारायचा आणि तोंडाला दगडी शिळा लावायची. वारूळही नसेल तर सपाट जमिनीवर जाळ करून जमीन चांगली तापू द्यायची, पीठ आखूड दांड्याच्या तव्यात किंवा सरळ गरम राखेवर ठेवायचं, वर लोखंडी भांडं उपडं घालून भोवती राख ओढायची आणि भांड्याच्या पाठीवर छोटा जाळ करायचा. खालून-वरून आच लागते. खमीर आदल्या वेळच्या कणकेतून राखून ठेवलेलं. ते मिसळून पीठ तास-दोन तास उन्हात ठेवलं की फुगतं. फसतं ते वरचा जाळ मोठा झाला की. कवच करपतं आणि आत चिखल राहतो.

साबण तर फारच वेळखाऊ. राखेतून पाणी गाळून खार काढायचा आणि तो चरबीबरोबर उकळायचा, ही सगळीकडची रीत. मेंढीच्या जाड शेपटीची चरबी मुबलक होती. पण तिथल्या लाकडाच्या राखेत खार इतका कमी की एका पाण्याने काम भागत नसे. गाळलेलं पाणी पुन्हा पुन्हा घालून महिना-दीड महिना कढई उकळत ठेवावी लागे, तेव्हा कुठे चरबीचा साबण होई. साल्सोला नावाचं खारट झुडूप जवळ सापडलं तर त्याच्या राखेने काम पुष्कळ लवकर होई. त्यात सोडा असतो, म्हणून साबणही घट्ट होतो. लाकडाच्या राखेचा साबण मऊ, लोण्यासारखाच राहतो. घरात लहान मुलं आणि लंगोटांचा ढीग असताना दीड महिना कढई ढवळणं म्हणजे काय, याचा अंदाज बायकांना लगेच येईल.

मेणबत्त्याही घरीच, साच्यात चरबी ओतून, चिंध्यांची वात घालून. पुढे १८२९ मध्ये पहिल्या सहा जणांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर गावातल्या बायकाही चरबी अंगाला न लावता मेणबत्तीसाठी राखून ठेवू लागल्या आणि चिंध्या मागायला येऊ लागल्या. शिवणाचा वर्ग भरू लागला. कापड घालण्याचा हा आग्रह मला कधीच पटलेला नाही. त्या हवेत चरबी आणि काव हा त्वचेला कापडापेक्षा चांगला आधार होता, आणि कापडाबरोबर साबणाची, सुईची, दुकानदाराची गरज मागच्या दाराने आली.

मुलांच्या शाळेला या घरांकडे चांगलं उत्तर कधीच नव्हतं. मॉफटांच्या थोरल्या दोन मुलींना ग्रॅहम्सटाउनजवळच्या सालेमला, आठवडेच्या आठवडे गाडीच्या वाटेवर, शाळेत ठेवावं लागलं. भेटीगाठी वर्षांच्या हिशोबाने. गावच्या शेकडो मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या बाईची स्वतःची मुलं परक्या घरी वाढत.

लिव्हिंगस्टन जोडपं उत्तरेला, बक्वेना लोकांचा प्रमुख सेचेले याच्याकडे गेलं. त्यांच्या चोनुआने या गावी पाऊस नव्हता, म्हणून लिव्हिंगस्टनने सेचेलेला सुचवलं की बारमाही नदी गाठून पाट काढू. १८४७ मध्ये अख्खं गाव चाळीस मैलांवरच्या कोलोबेंग नदीवर हललं. बोत्स्वानाची आजची राजधानी गॅबोरोन, तिच्या पश्चिमेला. कालवा आणि बांध गावाने खणला, शाळा सेचेलेने बांधून दिली. घराच्या विटा पाडायला आधी झाड पाडून फळ्या काढायच्या, फळ्यांचा साचा करायचा. तिथले लोक गोल घरं बांधणारे, हात गोलाईवर बसलेला, तेव्हा काटकोनात बसवायची प्रत्येक वीट लिव्हिंगस्टनला स्वतः लावावी लागली. हे त्याचं तिसरं घर.

दिवस पहाटे सुरू व्हायचा. न्याहारी, मग अकरापर्यंत सगळ्यांची शाळा, मग नवरा लोहारकाम-सुतारकामाला आणि बायको घरकामाला. दुपारी तासभर विसावा, आणि पुन्हा मेरी लहान मुलांच्या शाळेकडे. शंभरेक पोरं जमत. गाव तिला रॉबर्टची आई म्हणून हाक मारायचं, थोरल्या मुलाच्या नावाने.

पहिल्या वर्षी पाट झकास चालला. दुसऱ्या वर्षी पाऊस नाही. तिसऱ्या वर्षी नाही. दोन वर्षांत मिळून दहा इंचसुद्धा पडला नाही. नदी आटली. इतके मासे मेले की मुलूखभरचे तरस जमले तरी सडका ढीग संपेना, आणि एक जुनी मगर चिखलात कोरडी पडून मेली. जमिनीत तीन इंच खाली तापमान भर दुपारी १३२ ते १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे सेल्सिअसमध्ये ५६ च्या घरात. बाहेर महिनोन् महिने पडलेल्या सुयांना गंज चढला नाही. फळझाडं जगवायला नदीच्या तळात खोल खणलं, उपयोग झाला नाही. धान्य कुरुमानहून यायचं, पावणेतीनशे मैलांवरून. एकदा तर घरात कोंडाच उरला. त्याचं बारीक पीठ करायला तो तीनदा दळावा लागला. मुलं टोळ, मोठ्या अळ्या आणि पाऊस पडला की बाहेर येणारे मोठे बेडूक आवडीने खात. सेचेले शिकारीतला वाटा न चुकता पाठवायचा. हे घर उपाशी राहिलं नाही ते गावामुळे.

चूक कुठे झाली? पाट दोन्हीकडे होता, पण कुरुमानचा पाट झऱ्यावर होता आणि कोलोबेंगचा पावसाच्या नदीवर. बारमाही म्हणजे चांगल्या वर्षांत बारमाही. नदीकाठी बसायचं तर वाईट वर्षाची आठवण असलेल्या म्हाताऱ्यांना विचारावं लागतं. लिव्हिंगस्टनने विचारलं असेलही. पण गाव हलवण्याचा सल्ला त्याचा होता, आणि पाऊस गेल्यावर लोकांनी सेचेलेला जे ऐकवलं ते स्वाभाविक होतं. सेचेले स्वतः पाऊस पाडणारा म्हणून नावाजलेला, १८४८ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला आणि ती विद्या सोडली. नेमका तेव्हाच दुष्काळ. जास्तीच्या बायकांना त्याने माहेरी पाठवलं. त्या बायकांच्या भावांना आणि बापांना या धर्माबद्दल काय वाटलं असेल हे वेगळं सांगायला नको.

लिव्हिंगस्टन मग उत्तरेकडे वाटा शोधू लागला आणि घरालाही बरोबर ओढू लागला. १८५० मध्ये नगामी तळ्याच्या वाटेवर मुलांना ताप आला. त्याच वर्षी जन्मलेली एलिझाबेथ सहा आठवड्यांची होऊन गेली, तिला कोलोबेंगलाच पुरलं. पुढच्या वर्षी मेरी पुन्हा गरोदर असताना तो पुन्हा निघाला. वाटेत पाणी संपलं, मुलं तहानेने रडत राहिली. सासूबाईंनी जावयाला सणसणीत पत्र लिहून जाब विचारला होता. कुरुमानच्या घरातल्या त्या बाईला दलदलीचा ताप आणि कोरडा माळ यांची किंमत माहीत होती. १८५२ मध्ये बायकामुलांना केपटाउनहून इंग्लंडला पाठवलं आणि त्याच वर्षी बोअर, म्हणजे तिथे वसलेल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांच्या, स्वारांनी कोलोबेंगचं घर लुटलं.

भरपूर पाणी हेही उत्तर नसतं, हे आणखी उत्तरेला, मकोलोलो लोकांच्या लिन्यांती या गावी दिसलं. लिव्हिंगस्टनच्या सांगण्यावरून तिथे मिशन काढायचं ठरलं आणि १८५९ मध्ये कुरुमानहून हेल्मोर कुटुंब चार मुलांसह आणि प्राइस दांपत्य निघालं. पोचले फेब्रुवारी १८६० मध्ये, ऐन पावसाळ्यात, चोबे नदीच्या दलदलीत. काही आठवड्यांत हेल्मोर, त्याची बायको, त्यांची दोन मुलं आणि प्राइसचं तान्हं बाळ तापाने गेलं, परतीच्या वाटेवर प्राइसची बायकोही. विषप्रयोगाचा संशय घेतला गेला, पण लक्षणं हिवतापाची. डासाचा त्यातला हात कळायला अजून सदतीस वर्षं होती, ते काम रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला केलं.

लिव्हिंगस्टनची गोळी तेव्हा प्रसिद्ध होती. जॅलपची राळ आठ ग्रेन, कॅलोमेल आठ ग्रेन, क्विनीन चार, रेवाचिनी चार. सगळं खलून वेलदोड्याच्या अर्कात गोळ्या वळायच्या, मात्रा दहा ते वीस ग्रेन. ग्रेन म्हणजे सुमारे पासष्ट मिलिग्रॅम. मग कान वाजू लागेपर्यंत क्विनीन. पहिले दोन पदार्थ जबर जुलाबाचे, कॅलोमेल तर पाऱ्याचं, आणि तापाने गळालेल्या लेकराला ते देणं आज कुणी करणार नाही. उपयोग क्विनीनचा होता, तेही लवकर आणि पुरेसं दिलं तर. आधी पोट साफ करू, या समजुतीत जीव जायचे.

त्याच सुमाराला पूर्व किनाऱ्यावर निराळीच कुटुंबं घर मांडत होती, आणि त्यांचा पत्ता नाशिकचा. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं ब्रिटिश आरमार मुंबईत उतरवत असे. त्यातली बरीच नाशिकच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात वाढली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. नाशिकचा शरणपूर रोड तोच. १८६४ मध्ये त्यांतले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर आपापल्या बायकांसह मोंबासाजवळच्या राबाई गावी गेले. हातात कसब, अंगात त्या हवेची सवय. राबाईत वर्षानुवर्षं एकाकी काम करणारे योहानेस रेबमान यांना जे हात हवे होते ते असे आले. दोघेही पुढे १८८५ मध्ये पाळक झाले. मिशनच्या इतिहासात त्यांचं नाव मदतनीस म्हणून येतं. घर बसवण्याची कसोटी लावली तर मदतनीस कोण हे पुन्हा ठरवावं लागेल.

मॉफट पती-पत्नींनी कुरुमान सोडलं ते १८७० मध्ये. मेरी पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये वारली. १८८५ मध्ये ब्रिटिशांनी तो मुलूख ताब्यात घेतला आणि झऱ्याभोवतीची जमीन सरकारी राखीव केली. तिथे गोऱ्यांचं गाव उभं राहिलं, पाण्याच्या पाळ्या त्यांच्यात वाटल्या गेल्या आणि त्स्वाना शेतकरी नदीच्या खालच्या अंगाला, पाणी पोचेल न पोचेल अशा ठिकाणी ढकलले गेले. पाट फोडायला तेव्हा कुदळ पुरण्यासारखी नव्हती.